सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी क्लाउडमध्ये उतरते तेव्हा

१९९८ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ शहरात, तीन तरुणांनी रॅकस्पेस नावाची कंपनी सुरू केली. धंदा सरळ होता. सर्व्हर विकत घ्यायचे, रॅकमध्ये बसवायचे, त्यांना अखंड वीज, थंड हवा आणि इंटरनेटची दणकट लाइन द्यायची आणि ज्याला वेबसाइट चालवायची आहे त्याला महिन्याच्या भाड्याने द्यायचे. आज हीच कंपनी ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांवर, लोकांच्या यंत्रणा सांभाळून देण्याचे पैसे घेते. जोडीला स्वतःच्या देखरेखीखालचे सर्व्हरही भाड्याने देते. या दोन्ही बाजू एकमेकींना जोडून एकच यंत्रणा म्हणून चालवणं, याला या धंद्यात हायब्रिड म्हणतात.

हल्ली आपल्याकडच्या सहकारी बँका, कारखाने, रुग्णालयं, शिक्षणसंस्था यांच्याकडे कुणी ना कुणी 'हायब्रिड क्लाउड' घेऊन येतोच. सादरीकरण चकचकीत असतं. पैसे मंजूर करणाऱ्या संचालकांना मात्र त्यातलं फारसं कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. तो संकोच जावा म्हणून हा लेख. रॅकस्पेस निवडली, कारण होस्टिंगकडून क्लाउडकडे आणि तिथून हायब्रिडकडे जाताना जे जे अडतं, ते सगळं या एका कंपनीच्या वाट्याला आलं.

आधी भाड्याचा प्रकार समजून घेऊ

वेबसाइट किंवा सॉफ्टवेअर चालायला कुठेतरी एक कॉम्प्युटर सतत सुरू असावा लागतो. तो ऑफिसातल्या सर्व्हर रूममध्ये ठेवला, तर एसी बंद पडला की रात्री धावत जावं लागतं. हा त्रास नको म्हणून लोक होस्टिंग कंपनीकडे जातात. सगळ्यात स्वस्त शेअर्ड होस्टिंग: एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट. एखादीवर अचानक गर्दी झाली, की बाकीच्यांचा वेग मंदावतो. सगळ्यात महाग डेडिकेटेड: अख्खा सर्व्हर तुमचा एकट्याचा. या दोहोंच्या मधे व्हीपीएस. एका मोठ्या सर्व्हरवर एक खास सॉफ्टवेअर बसवून त्याचे वेगवेगळे भाग पाडायचे. प्रत्येक भागाला वाटतं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, मेमरी राखीव, पासवर्ड वेगळा. हे भाग पाडणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात आणि क्लाउडचा पाया हाच आहे.

मग व्हीपीएस आणि क्लाउड यांत फरक काय? यंत्रात फार नाही. फरक मागण्याच्या आणि पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. डेडिकेटेड सर्व्हर हवा असेल तर ऑर्डर द्यायची, मग कुणीतरी तो रॅकमध्ये चढवणार, केबल लावणार, सिस्टिम टाकणार. कित्येक तास जातात, कधी काही दिवस. क्लाउडवर तुम्ही ब्राउझरमध्ये बटण दाबता. मागे एक सॉफ्टवेअर हजारो सर्व्हरांपैकी कुणाकडे पुरेशी मेमरी रिकामी आहे ते शोधतं, तिथे ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत उतरवतं, नेटवर्कवरचा पत्ता देतं आणि मशीन सुरू करतं. मिनिटा-दोन मिनिटांत काम होतं. माणसाचा हात कुठेच लागत नाही. काम संपलं की मशीन पुसून टाका, मीटर थांबतो. बटण माणसानेच दाबायला हवं असंही नाही. तुमचं सॉफ्टवेअरच क्लाउडला सांगू शकतं की गर्दी वाढली आहे, आणखी चार मशीन दे. क्लाउडची खरी ताकद या शेवटच्या गोष्टीत आहे.

ॲमेझॉनने २००६ साली हे बाजारात आणलं. मार्चमध्ये फाइली साठवण्याची एस-थ्री सेवा आली, ऑगस्टमध्ये तासाच्या भावाने सर्व्हर देणारी ईसी-टू. पुस्तकं विकणारी कंपनी सर्व्हर भाड्याने देते याकडे होस्टिंगवाल्यांनी काणाडोळा केला असता तर नवल नव्हतं. रॅकस्पेसने तसं केलं नाही. त्याच वर्षी तिच्याच दोन कर्मचाऱ्यांनी, जोनाथन ब्राइस आणि टॉड मोरी यांनी, मोसो नावाची क्लाउड होस्टिंगची सेवा कंपनीच्या छत्राखाली उभी केली. ऑगस्ट २००८ मध्ये रॅकस्पेस न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तिने स्लाइसहोस्ट व जंगल डिस्क या दोन कंपन्या विकत घेतल्या. पहिली व्हीपीएसमधली, दुसरी ऑनलाइन बॅकअपमधली. या मालमसाल्यातून रॅकस्पेसचा क्लाउड तयार झाला. त्यातलं सगळ्यात छोटं मशीन २५६ एमबी मेमरीचं होतं आणि त्याचा भाव तासाला दीड सेंट होता. महिनाभर अखंड चालवलं तर ७२० तासांचे १० डॉलर ८० सेंट. तीन तास चालवून बंद केलं तर साडेचार सेंट.

साडेचार सेंटचा ग्राहक

होस्टिंग कंपनीला क्लाउड जड का जातो, ते या साडेचार सेंटमध्ये दिसतं. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत हा भाग सहसा येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

डेडिकेटेड होस्टिंगमध्ये पैशाची चाल सुरक्षित असते. ग्राहक वर्षा-दोन वर्षांच्या करारावर सही करतो, त्यानंतर कंपनी सर्व्हर विकत घेते. काही महिन्यांत सर्व्हरचे पैसे वसूल होतात, उरलेल्या काळात नफा. क्लाउडमध्ये हे उलटं होतं. बटण दाबल्यावर मिनिटात मशीन द्यायचं, तर ते आधीच विकत घेऊन, रॅकमध्ये लावून, वीज देऊन तयार ठेवावं लागतं. ग्राहक येईल की नाही, माहीत नाही. आला तरी तीन तासांनी जाईल. म्हणजे कायम काही क्षमता रिकामी बाळगायची, तिचा खर्च सोसायचा, आणि तरी भाव ॲमेझॉनच्या आसपास ठेवायचा. ज्याच्याकडे अफाट भांडवल आहे आणि लाखो ग्राहकांची गर्दी एकमेकांच्या वेळा भरून काढते, त्यालाच हे परवडतं. एकाची गर्दी सकाळी, दुसऱ्याची रात्री, तिसऱ्याची महिनाअखेरीला. ग्राहक जितके जास्त, तितकी रिकामी क्षमता कमी. लहान कंपनीला हे जमवणं अवघड असतं. रॅकस्पेस तशी लहान नव्हती, २०१३ मध्ये तिची उलाढाल सुमारे दीड अब्ज डॉलर होती. पण समोर ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल होते.

दुसरी अडचण माणसांची. रॅकस्पेसचं नाव झालं होतं ते सेवेमुळे. सुरुवातीला ग्राहकांचे फोन टाळण्याकडेच कंपनीचा कल होता. १९९९ च्या सुमारास ते बदललं आणि 'फॅनॅटिकल सपोर्ट' हे तिचं ब्रीद झालं. फोन केला की रांग नाही, पलीकडे खरोखर काम जाणणारा इंजिनिअर. ग्राहकासाठी झपाटून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी एक पुरस्कार देई आणि त्याचं नाव वेड्याला घालतात त्या अंगरख्यावरून, 'स्ट्रेटजॅकेट', असं ठेवलं होतं. महिना काहीशे डॉलर देणाऱ्या ग्राहकासाठी असा इंजिनिअर ठेवता येतो. महिन्याला १० डॉलर ८० सेंट देणाऱ्याने एकदा अर्धा तास फोन केला, तर त्या महिन्याची कमाई तिथेच संपते. भाव क्लाउडचा आणि सेवा होस्टिंगची, हे गणित बसत नव्हतं.

ओपनस्टॅक: एकट्याने न लढण्याचा डाव

जुलै २०१० मध्ये रॅकस्पेसने अमेरिकेच्या नासाबरोबर ओपनस्टॅक जाहीर केलं. क्लाउड चालवण्यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे रिकामं मशीन शोधणं, मशीन सुरू-बंद करणं, फाइली साठवणं, ते सगळं दोघांनी मिळून सर्वांसाठी खुलं केलं. सर्व्हर चालवण्याचा भाग नासाकडून आला, त्याचं नाव नोव्हा. फाइली साठवण्याचा भाग रॅकस्पेसकडून, त्याचं नाव स्विफ्ट. विचार असा होता की ॲमेझॉनसारखी यंत्रणा एकट्याने लिहीत बसण्यापेक्षा शंभर कंपन्यांनी मिळून लिहावी. मग ग्राहकाला एका क्लाउडवरून दुसऱ्यावर जाणंही सोपं होईल, कारण आतलं सॉफ्टवेअर एकच.

हा डाव अर्धा फळला. ओपनस्टॅक आजही चालतं. जिनिव्हाजवळची सर्न ही अणुसंशोधन संस्था त्यावर स्वतःचा मोठा क्लाउड चालवते, अनेक टेलिफोन कंपन्याही ते वापरतात. २०१२ मध्ये प्रकल्प एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेला आणि मोसो उभारणारे जोनाथन ब्राइस त्याचे प्रमुख झाले. पण ॲमेझॉनला त्याने रोखलं नाही. सॉफ्टवेअर खुलं करता येतं. डेटा सेंटरच्या इमारती, समुद्राखालच्या केबली आणि दर वर्षी ओतायचे अब्जावधी डॉलर खुले करता येत नाहीत. मला स्वतःला ओपनस्टॅकबद्दल फार आदर आहे. एखाद्या संस्थेला आपल्याच इमारतीत, आपल्याच कुलपात क्लाउडची सोय हवी असेल, तर विकत घेण्यावाचून दुसरा मार्ग नाही, ही परिस्थिती त्याने बदलली.

हायब्रिड म्हणजे नेमकं काय जोडायचं?

आता मुख्य मुद्द्याकडे. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस घ्या. प्रत्येक परीक्षेला सुमारे १५ लाख मुलं. निकाल दुपारी एकला. त्या क्षणी ही मुलं, त्यांचे पालक, मामा-काका, क्लासवाले, सगळे एकदम वेबसाइट उघडतात. पुढचे दोन-तीन तास ही झुंबड असते. संध्याकाळी ओसरते आणि नंतर वर्षभर त्या पानावर क्वचितच कुणी फिरकतं. या तीन तासांसाठी वर्षभराचे सर्व्हर विकत घेणं म्हणजे पैशाची नासाडी. घरी रोज चार माणसांचा स्वयंपाक होतो, लग्नाच्या दिवशी पाचशे पानं उठतात. म्हणून कुणी पाचशे माणसांचं घर बांधत नाही, एक दिवस मंगल कार्यालय घेतं. पण देवघर आणि तिजोरी घरीच राहते. हायब्रिडमध्ये नेमकं हेच करायचं असतं: रोजचा, ठरलेला भार स्वतःच्या किंवा डेडिकेटेड सर्व्हरवर, अवचित येणारी गर्दी क्लाउडवर, आणि जपायची माहिती आपल्या ताब्यातल्या जागी.

रॅकस्पेसकडे यासाठी रॅककनेक्ट नावाची जोडणी होती. ग्राहकाचा डेटाबेस डेडिकेटेड सर्व्हरवर. त्या काळी क्लाउडवरच्या मशीनच्या डिस्कचा वेग शेजाऱ्यांच्या वापराप्रमाणे वर-खाली व्हायचा, आणि डेटाबेसला ते अजिबात चालत नाही. वेबसाइटची पानं दाखवणारी मशीन मात्र क्लाउडवर, कारण ती एकसारखी असतात, एकाच्या जागी दहा करता येतात. दोहोंच्या मधे खासगी नेटवर्क आणि एक फायरवॉल, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी. क्लाउडवर नवं मशीन सुरू झालं की त्याला डेटाबेसपर्यंत पोचू देणारे नियम फायरवॉलमध्ये आपोआप लिहिले जायचे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे नियम हाताने लिहायचे असते, तर भर गर्दीत मशीन मिनिटात तयार होऊन फायरवॉलवाल्या माणसाची वाट बघत बसलं असतं.

इथे अंतराचा प्रश्न येतो आणि विक्रेते नेमका तोच गाळतात. केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. डेटाबेस मुंबईत आणि क्लाउडवरची मशीन हजार किलोमीटर केबलच्या पलीकडे असतील, तर एक प्रश्न जाऊन उत्तर यायला किमान १० मिलिसेकंद लागतात. हे काहीच नाही, असं वाटेल. पण साधं खात्याचं पान दाखवताना सॉफ्टवेअर डेटाबेसला एकापाठोपाठ ५० प्रश्न सहज विचारतं. ५० गुणिले १० म्हणजे अर्धा सेकंद निव्वळ प्रवासात गेला, काम अजून सुरूच व्हायचंय. दोन्ही एकाच इमारतीत असते, तर हा प्रवास जाणवलाही नसता. म्हणून 'गर्दी झाली की क्लाउडवर ओसंडू द्या' हे चित्र कागदावर जितकं सुंदर दिसतं, तितकं प्रत्यक्षात क्वचितच चालतं. रॅकस्पेसचा फायदा असा की तिचे डेडिकेटेड सर्व्हर आणि क्लाउड एकाच आवारात होते. होस्टिंग कंपनी क्लाउडमध्ये उतरते तेव्हा तिच्याकडे असलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख बहुधा सर्वांत कमी असतो.

गर्दी नसली तरी हायब्रिडची कारणं असतात. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, ते क्लाउडवर नेलं की महाग पडतं. कारखान्यातली यंत्रं चालवणारा सर्व्हर शेडच्या शेजारीच असावा लागतो, कारण इंटरनेट तुटलं म्हणून उत्पादन थांबवता येत नाही. आणि काही ठिकाणी कायदाच आड येतो.

भावयुद्ध आणि दिशाबदल

मार्च २०१४ मध्ये गूगलने क्लाउडचे भाव एकदम खाली आणले. दुसऱ्याच दिवशी ॲमेझॉनने आणले, आठवडाभरात मायक्रोसॉफ्टनेही. रॅकस्पेसला या शर्यतीत पळणं शक्य नव्हतं. मे महिन्यात तिने कंपनी विकण्यासकट सगळे पर्याय तपासायला सल्लागार बँक नेमली, सप्टेंबरमध्ये स्वतंत्र राहायचं ठरवलं. मधल्या जुलैत तिने नुसतं कोरं मशीन विकणं सोडून, प्रत्येक मशीनबरोबर देखभाल जोडून विकायला सुरुवात केली होती.

पुढचं पाऊल त्याहून मोठं. २०१५ च्या जुलैत तिने मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर आणि ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडवर लोकांच्या यंत्रणा सांभाळण्याची सेवा जाहीर केली. म्हणजे ज्यांच्याशी झुंजत होती, त्यांच्याच मशीनवर तिचे इंजिनिअर काम करू लागले. काहींना ही शरणागती वाटली. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. क्लाउडवर मशीन घेणं सोपं झालं होतं, पण ते नीट चालवणं सोपं झालेलं नव्हतं. परवानग्या कुणाला द्यायच्या, बॅकअप कुठे ठेवायचा, बिल का फुगलं, रात्री दोनला यंत्रणा पडली तर कुणी उठायचं, हे प्रश्न तसेच होते. रॅकस्पेसकडे त्यासाठी माणसं होती.

पुढची वाट सुखाची झाली असं नाही. २०१६ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने ४.३ अब्ज डॉलरला तिला विकत घेऊन शेअर बाजारातून काढलं. २०१७ मध्ये तिने डेटापाइप आणि २०१९ मध्ये ओनिका या कंपन्या घेतल्या, दोन्ही दुसऱ्यांच्या क्लाउडची कामं करणाऱ्या. ऑगस्ट २०२० मध्ये ती नॅसडॅकवर २१ डॉलरच्या भावाने परत आली आणि पहिल्याच दिवशी भाव त्याखाली गेला. देखभालीच्या धंद्यात नफा पातळ असतो आणि कंपनीच्या डोक्यावर कर्ज मोठं होतं.

डिसेंबर २०२२ मधली घटना तर प्रत्येक होस्टिंग ग्राहकाने समजून घ्यावी अशी आहे. रॅकस्पेसच्या जुन्या ईमेल सेवेवर, होस्टेड एक्स्चेंजवर, रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. कंपनीच्या उलाढालीत या सेवेचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, पण तिच्यावर हजारो छोटे व्यवसाय रोजचा पत्रव्यवहार करत होते. त्यांची ईमेल एका रात्रीत बंद झाली. अखेर कंपनीने ती सेवा पुन्हा उभी न करता ग्राहकांना मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर हलवलं. कंपनी नव्या धंद्याकडे वळते तेव्हा जुनी यंत्रणा मागे राहते. तिच्याकडे कमी माणसं, कमी लक्ष, आणि ग्राहक मात्र तसेच. हायब्रिडमध्ये नवं आणि जुनं दोन्ही जिवंत असतं, म्हणून राखायची दारंही दुप्पट.

मोठ्या क्लाउडवरून परतणारे

सगळ्यांनी सगळं मोठ्या क्लाउडवर नेलं, असंही झालेलं नाही. ड्रॉपबॉक्स ही फाइली साठवणारी कंपनी ॲमेझॉनवर वाढली, पण २०१५-१६ मध्ये तिने आपला बहुतांश साठा स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये आणला. दोन वर्षांत ७ कोटी ४६ लाख डॉलर वाचले, असं तिने शेअर बाजारात येताना कागदोपत्री सांगितलं. काही भाग तिने ॲमेझॉनवरच ठेवला, म्हणजे तीही हायब्रिडच. बेसकँप हे कामांचं नियोजन करण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थर्टी-सेव्हन सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर सुमारे ३२ लाख डॉलर खर्च केले आणि त्यानंतर बाहेर पडायला सुरुवात केली. दोघांचा भार मोठा, पण बऱ्यापैकी स्थिर आणि अंदाज बांधता येण्यासारखा होता. चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस चालणारं मशीन तासाच्या भावाने घेऊ नये, हे ज्याने एकदा स्वतः बिल मांडून पाहिलं त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बिलात आणखी एक ओळ असते. क्लाउडमध्ये माहिती टाकायला सहसा पैसे लागत नाहीत, बाहेर काढायला लागतात. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या केंद्रांतून इंटरनेटवर माहिती बाहेर पाठवण्याचा पहिल्या टप्प्याचा भाव जीबीमागे ९ सेंट, म्हणजे हजार जीबीला ९० डॉलर. मुंबई केंद्रात त्याहून थोडा जास्त. हायब्रिडमध्ये दोन बाजूंत सतत देवाणघेवाण चालते, त्यामुळे ही ओळ महिन्याकाठी वाढत जाते. २०२४ मध्ये गूगलने आणि पाठोपाठ ॲमेझॉनने कायमचं सोडून जाणाऱ्यांना ही आकारणी माफ केली. रोजच्या येण्या-जाण्याचं बिल मात्र चालूच आहे.

आपल्याकडे

मुंबई-नवी मुंबई-पुणे पट्टा या धंद्याचं देशातलं मोठं ठिकाण आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये मुंबई व पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गूगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउडची केंद्रं सुरू केली. त्याआधीपासून इथे होस्टिंगवाले होतेच. १९९८ मध्ये मुंबईत सुरू झालेली नेटमॅजिक होस्टिंग आणि डेटा सेंटरमधून क्लाउडकडे गेली आणि २०१२ मध्ये जपानच्या एनटीटीने तिचा ७४ टक्के हिस्सा घेतला. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत डेटा सेंटर असलेली ईएसडीएस २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या ईनलाइट क्लाउडचं वैशिष्ट्य म्हणजे चालू मशीनचीच मेमरी आणि प्रोसेसर गरजेप्रमाणे वाढवणं-घटवणं. जुनं सॉफ्टवेअर दहा मशीनवर पसरवता येत नाही, त्याला एकच मशीन मोठं करून हवं असतं. आपल्याकडच्या कित्येक बँका आणि सरकारी कार्यालयांचं सॉफ्टवेअर तसंच आहे, त्यामुळे ही सोय कामाची.

कायद्याचा मुद्दाही इथे खरा आहे. पेमेंटच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. त्यामुळे बँकेच्या माणसाने 'क्लाउड' ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा तो पत्त्याचा: मूळ प्रत कोणत्या शहरात, बॅकअप कोणत्या शहरात?

बॅकअपचं शहर वेगळं का हवं, ते १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात दिसलं. ओव्हीएच ही युरोपातली मोठी होस्टिंग कंपनी, तीही क्लाउडमध्ये उतरलेली. तिथल्या आवारातली एक पाच मजली डेटा सेंटरची इमारत जळून खाक झाली. कुणाला इजा झाली नाही, पण ज्यांची मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांतल्या काहींची माहिती कायमची गेली. 'क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे' असं गृहीत धरून ते निर्धास्त होते. बॅकअप हा अनेकदा वेगळा घ्यायचा, वेगळ्या पैशांचा पर्याय असतो. करारात ती ओळ नसेल, तर बॅकअप नाही असंच समजावं.

म्हणून हायब्रिडचा प्रस्ताव घेऊन कुणी आलं, की पतसंस्थेच्या संचालकाने किंवा शाळेच्या सचिवाने खुशाल विचारावं: आमचा भार वर्षभर सारखा आहे की ठरावीक दिवशीच चढतो, याचा आलेख तुम्ही काढलाय का? डेटाबेस आणि वेबसाइटची पानं दाखवणारी मशीन यांच्यात केबलचं अंतर किती? माहिती बाहेर काढण्याचं बिल महिन्याला किती येईल, आणि आम्ही सोडून गेलो तर ती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल? रात्री फोन कोण उचलणार, तुमचा माणूस की तुम्ही पुढे ज्याला काम दिलंय त्याचा? आणि सही करण्याआधी एका शनिवारी त्यांना समोर बसवून, बॅकअपमधून अख्खी यंत्रणा रिकाम्या मशीनवर उभी करून दाखवायला सांगावं. किती तास लागले ते घड्याळ लावून बघावं आणि तोच आकडा करारात लिहून घ्यावा.